बसस्टँडवर न झालेली भेट

स्वतःचं लग्न ठरेपर्यंत मी दुसऱ्यांच्या लग्नाच्या व्हिडिओंवर मनसोक्त हसत आलो होतो. आमच्या इंदापूर तालुक्यात आता कुणाचंही लग्न असो, अक्षता पडायच्या आधी कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर नवरा-नवरी उसाच्या बांधावरून हळूहळू पळत येतात. परवापर्यंत त्याच उसाला पाणी धरणारा पोरगा गॉगल लावून मावळत्या सूर्याकडे बघतो आणि त्याची होणारी बायको ओढणी वाऱ्यावर सोडते. मी मागच्या रांगेत बसून मित्राच्या कानात काहीतरी खवचट बोलायचो. लोणी देवकरच्या एका कंपनीत मी क्वालिटी विभागात आहे. दुसऱ्यानं बनवलेल्या वस्तूत खोट काढायचा मला पगार मिळतो, त्यामुळे हे काम मला लग्नातही सहज जमायचं.

मग माझं लग्न ठरलं. ते ठरवलं तात्यांनी. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. आमच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती. वडिलांच्या पिढीनं ती कमी करत करत शेती धरली, पण तात्यांच्या पायांना एका जागी बसणं कधी मानवलं नाही. मेंढरं गेल्यावर त्यांनी स्थळं हाती घेतली. डोक्याला पटका, मोटारसायकलच्या हँडलला पिशवी, आणि या गावचा मुलगा त्या गावच्या मुलीला सुचवत ते तालुकाभर फिरायचे. माझ्यासाठी भवानीनगरचं स्थळ त्यांनीच आणलं. मुलीचे वडील साखर कारखान्यात नोकरीला. सगळे त्यांना आबा म्हणायचे. मुलगी बारामतीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, लोकांचं रक्त काढायच्या टेबलावर.

शूटिंग कोणतं घ्यायचं हे ठरवायला आम्ही बारामतीला एका स्टुडिओत गेलो. मी, ती आणि तात्या. खरं तर तात्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण लग्न आपण जमवलंय म्हणजे मांडवाच्या कापडापासून लोणच्यापर्यंत सगळं आपल्या खात्यात येतं, असं ते धरून चालत. ती लॅबमधून जेवणाच्या सुट्टीत आली होती आणि तिला परत जायचं होतं.

स्टुडिओचा मालक माझ्याच वयाचा होता. त्यानं आम्हाला मऊ सोफ्यावर बसवलं आणि ऑपरेशनच्या आधी डॉक्टर समजावतात तशा हळू आवाजात एकेक प्रकार समजावून सांगायला सुरुवात केली. साधा व्हिडिओ, म्हणजे हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं जसंच्या तसं. मग सिनेमॅटिक. मग हायलाइट, टीझर, मोबाइलसाठी रील, ड्रोन, आणि ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी लाइव्ह.

तात्यांनी प्रत्येकावर निकाल दिला. ड्रोनबद्दल म्हणाले, "वरनं नुसती आमची टकली दिसत्याल. त्यात काय बघायचं?" लाइव्हबद्दल म्हणाले, "घरी बसून लग्न बघायची सवय लागली तर उद्या मांडवात कोण येनार न्हाय." मालकानं सिनेमॅटिकचा नमुना लावला. पडद्यावर एक कानातलं हललं. मग पानावरून पाण्याचा थेंब सावकाश खाली आला. मग नवरदेवाच्या बुटाची नाडी.

"माणसं कुठं हायत?" तात्यांनी विचारलं.

"आजोबा, यात फील असतो."

"आन् जेवन?"

मालकानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

ती शांतपणे म्हणाली, "साधा व्हिडिओ नक्की घ्या. माझ्या आईला कोण कोण आलं होतं ते पुन्हा बघायला आवडतं. बाकी तुम्हाला काय हवं ते तुम्ही ठरवा."

इथं मी उठून 'बरं, साधा व्हिडिओ करून टाका' म्हणालो असतो, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मालकानं अजून एक प्रकार शिल्लक ठेवला होता. त्याचं नाव स्टोरी फिल्म. त्यानं नमुना लावला. एक जोडपं कॉलेजात भेटलेलं, मग ताटातूट, मग पुन्हा भेट, मागे बासरी. मी आयुष्यभर ज्यावर हसलो ते सगळं त्यात होतं. आणि बासरी सुरू झाल्यावर मी मालकाला आवाज वाढवायला सांगितला. माझ्यातला क्वालिटीवाला त्या मऊ सोफ्यावर गपगार झोपी गेला.

"हेच घेऊ," मी म्हणालो.

"स्टोरी म्हंजे काय?" तात्यांनी विचारलं.

"आमची गोष्ट, तात्या. आमचं लग्न कसं जमलं ती."

तात्यांनी सदऱ्याची कॉलर सारखी केली. "मग त्यात आमी आलोच," ते म्हणाले, आणि समाधानानं चहा प्यायला बाहेर गेले. मी होकाराची मान हलवली होती. कशाला हलवली, हे मला आजही सांगता येणार नाही.

तात्या गेल्यावर मालकानं खुर्ची पुढे ओढली. "तर दादा, तुमची स्टोरी सांगा."

मी सांगितली. आमची स्टोरी अशी होती: मी भवानीनगरला आबांच्या घरी गेलो. पोहे आले. तात्या आणि आबा उसाच्या तोडीबद्दल बोलत राहिले. मला आणि तिला पाच-दहा मिनिटं बोलायला म्हणून आतल्या खोलीत बसवलं. मला काही सुचेना. शेवटी मी तिला विचारलं, "तुमच्या लॅबमध्ये एसी आहे का?" ती म्हणाली, "आहे. पण तो सॅम्पलसाठी." मग आम्ही बाहेर आलो. आठवड्याभरानं दोन्ही घरांनी होकार कळवला.

मालकानं हे सगळं ऐकून घेतलं. माणूस सभ्य होता, हसला नाही. "दादा, यात दाखवण्यासारखं काही नाही," तो म्हणाला. "आपण थोडी डेव्हलप करू."

"मीच लिहितो," मी म्हणालो.

मी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एकदा पोलीस झालो होतो आणि 'चला' एवढं एकच वाक्य बोललो होतो. लेखनाचा आणि नाटकाचा माझा सगळा अनुभव एवढाच. पण कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर लिहायला घेतलं आणि मला वाटायला लागलं, आपण उगीचच इतकी वर्षं बोल्टांचे व्यास मोजत बसलो. नायक बारामतीच्या बसस्टँडवर उभा असतो. नायिकेच्या हातातले कागद पडतात. तो उचलून देतो. नजरानजर होते, एवढ्यात तिची एसटी निघून जाते. मग तो तिला शोधत फिरतो. शेवटी उजनी धरणाच्या पाण्यावर, पक्ष्यांच्या थव्यातून नायक होडीनं येतो आणि काठावर दोघांची भेट होते. नायकाच्या हातात मी गिटार दिली. मला गिटार वाजवता येत नाही. पण नायकाला काय येतं आणि काय नाही, ते लेखकाच्या हातात असतं हे मला नुकतंच कळलं होतं. सगळ्यात वर मी एक पाटी घातली: 'दोन वर्षांपूर्वी, बारामती.' तेवढ्यानं गोष्टीला वजन येतं असं मला वाटलं.

मी ते तिला पाठवलं आणि कौतुकाची वाट बघत बसलो. संध्याकाळी उत्तर आलं: 'ठीक आहे. शनिवारी दुपारची सुट्टी घेते.'

शनिवारी आम्ही बसस्टँडवर पोहोचलो. तिनं कागद पाडले. मी वाकायच्या आत शेजारी गाठोडं घेऊन बसलेल्या एका आजींनी ते गोळा केले आणि तिच्या हातात दिले. "नीट धर गं, पोरी," त्या म्हणाल्या. मालकानं त्यांना समजावलं की हे शूटिंग आहे. आजींनी मान डोलावली. तिनं पुन्हा कागद पाडले. आजींनी पुन्हा गोळा केले. "आवं, मला दिसतंय आन् मी गप कशी बसू?" त्या मालकालाच म्हणाल्या. शेवटी त्यांची अकलूजची गाडी लागली तेव्हा कुठे मला माझ्या होणाऱ्या बायकोचे कागद उचलता आले. तोवर बघ्यांचं कडं झालं होतं आणि त्यातला एकजण मला सूचना देत होता, "तिच्याकडं बघ की राव. कागदाकडं काय बघतोस?"

मी तिच्याकडे बघितलं. प्रेमानं बघायचं म्हणजे भुवया जरा आवळून आणि ओठ किंचित उघडे ठेवून, असं मी घरच्या आरशासमोर बसवलं होतं.

"काय होतंय तुम्हाला?" तिनं हळूच विचारलं.

"काही नाही. बघतोय."

"आमच्याकडे सुई बघितल्यावर लोक असं तोंड करतात."

तिथून आम्ही डाळजला गेलो. तिथं धरणाचं पाणी शेतांच्या कडेपर्यंत येतं आणि थंडीत पक्षी उतरतात. मालकानं मला पांढरा कोट घातला आणि हातात गिटार दिली. गिटारीला एक तार नव्हती. गिटार तशीही ऐकू येणार नाही, असं तो म्हणाला. मासेमारी करणाऱ्या एका गृहस्थांनी होडी दिली होती आणि तेच वल्हं मारणार होते. ते चित्रात येऊ नयेत म्हणून मालकानं त्यांना आडवं व्हायला सांगितलं. आडवं होऊन वल्हं मारता येत नाही हे त्यांनी त्याला दोनदा सांगितलं. मग त्यांना झाकायला मीच होडीत पुढे उभा राहिलो, गिटार छातीशी धरली आणि पक्ष्यांच्या दिशेनं हात पसरले. पक्षी उडाले. तिथवर सगळं माझ्या लिखाणाप्रमाणे झालं. मग मी काठावर उतरण्यासाठी रुबाबात पाय टाकला आणि तो गुडघ्यापर्यंत गाळात गेला. दुसरा पाय पहिल्याच्या मदतीला गेला. होडीवाल्यांनी मला काखेत हात घालून उपसून काढलं. पांढरा कोट छातीपर्यंत काळा झाला होता आणि उजवा बूट उजनीनं ठेवून घेतला.

ती हसली. आमची ओळख झाल्यापासून मी तिला असं हसताना पहिल्यांदाच बघत होतो. बांधावर बसून, तोंडावर ओढणी धरून, अंग हलेपर्यंत. मालकानं कॅमेरा बंद केला होता.

कोट धुऊन बाभळीवर वाळत घातला आणि तो सुकायची वाट बघत आम्ही बांधावर बसलो. बोलायला काही नव्हतं म्हणून मी विचारलं, "तुम्ही मला होकार का दिला?"

तिनं थोडा विचार केला. "तुमच्या आधी जे बघायला आले, त्यांनी सगळ्यांनी विचारलं, लग्नानंतर नोकरी सोडणार का. तुम्ही विचारलंत, लॅबमध्ये एसी आहे का. म्हणजे मी तिथं बसणार हे तुम्ही धरूनच चालला होतात. नुसतं उकडतंय का, एवढंच तुमच्या मनात होतं."

मी गंभीरपणे पाण्याकडे बघत राहिलो. खरं म्हणजे त्या दिवशी आबांच्या आतल्या खोलीत पंखा नव्हता आणि माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता, म्हणून एसी हा शब्द माझ्या तोंडात आला होता. पण इतका चांगला अर्थ कुणी आपल्या पदरात टाकत असताना तो परत करायला फार मोठं मन लागतं. माझं तेवढं मोठं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी कार्यालय भरलं. मी फेटा आणि मुंडावळ्या बांधून स्टेजच्या बाजूच्या खोलीत बसलो होतो. पडदा दिसावा म्हणून मी दार किलकिलं ठेवलं होतं. मुहूर्ताला वेळ होता. मालकानं फिल्म सुरू केली. बासरी वाजली. पाटी आली: 'दोन वर्षांपूर्वी, बारामती.' कागद पडले, मी उचलले, नजरानजर झाली. उजनीवर पक्षी उडाले. मी हात पसरले. मला मनापासून सांगायचंय, ते फार सुंदर दिसत होतं. मागच्या रांगेत कुणी खवचट बोलत असेल तर त्याची मला कीव आली.

फिल्म संपली. टाळ्या माझ्या मित्रांच्या कोपऱ्यातून वाजल्या आणि लगेच थांबल्या. पुढच्या खुर्च्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. मग दार उघडून तात्या आत आले. मध्यस्थाच्या मानाचा गुलाबी फेटा त्यांच्या डोक्यावर नव्हता, हातात होता.

"मला एवढंच सांग," ते म्हणाले. "तुमचं दोन वर्सं आधीच जमलं हुतं, तर मला उन्हातानात कशाला फिरवलं?"

"तात्या, ती नुसती स्टोरी आहे."

"स्टोरी म्हंजे तुमची गोष्ट, आसं तूच बोललास. त्यात मी कुठं हाय? मी नीट बघितलं. होडी हाय, पक्षी हायत, ती गिटार का काय ती हाय. मी न्हाय."

त्यांच्या मागोमाग तिचे मामा आले. त्यांचा प्रश्न वेगळा होता. "म्हंजे पत्रिका, बघाबघी, बैठक, समदं नाटक व्हतं व्हय? आमच्या पोरीनं घरात काय सांगितलं न्हाय, आन् तुमी बी मुकाट पोहं खाल्लं?" आणि मामांच्या मागे आबा. ते माझ्या शेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, तुमचं आधीपासनं असतं तरी माझी ना नव्हती. पोरीनं मला सांगितलं असतं. ती मला सगळं सांगती. म्हणून म्हटलं, इचारावं."

मला त्या क्षणी उजनीच्या गाळात परत जाऊन उभं राहावंसं वाटलं. मी सांगायचा प्रयत्न केला. स्टोरी म्हणजे काय, डेव्हलप म्हणजे काय, पाटी मी वजन यावं म्हणून घातली होती. माझं बोलणं जितकं वाढलं तितका मामांचा चेहरा घट्ट होत गेला. खोटं बोलणारा माणूस असाच सविस्तर बोलतो हे मलाही माहीत होतं.

कुणीतरी नवरीकडच्या खोलीत निरोप दिला असावा. ती आली. शालू, हिरवा चुडा, कपाळावर मुंडावळ्या. करवल्या मागे धावत होत्या. ती सरळ तात्यांसमोर उभी राहिली.

"तात्या, यांना गिटार येत नाही," ती म्हणाली. "होडीतून उतरायलाही येत नाही. यांचा बूट अजून डाळजच्या गाळात आहे. आणि माझे कागद बसस्टँडवर एका आजींनी उचलले होते. त्यात खरं काहीच नाही. तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा चहाला साखर जास्त झाली म्हणालात आणि तरी दुसरा कप घेतलात. ते खरं आहे."

तात्यांनी फेटा या हातातून त्या हातात घेतला. "साखर जास्तच हुती," ते म्हणाले.

"आबा," ती वडिलांकडे वळली, "यांनी मला आतल्या खोलीत काय विचारलं ते मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं की नाही?"

आबांनी मान हलवली. "एसीचं."

"दोन वर्षांची ओळख असलेला माणूस एसीचं विचारेल का?"

मामा विचारात पडले. हा मुद्दा त्यांना पटल्याचं दिसत होतं. माझी अब्रू वाचवायला माझा मूर्खपणाच पुराव्याला उभा राहिला होता.

पण तात्यांचं अजून मिटलं नव्हतं. "हे हितं खोलीत झालं," ते म्हणाले. "तितं बाहेर समद्या तालुक्यानं बघितलंय. उद्या मी कुठं स्थळ घेऊन गेलो तर म्हनत्याल, तात्या नुसतं मिरवायला हुते. बाहेर सांग."

म्हणून मी मुंडावळ्यांसकट स्टेजवर गेलो आणि मंगलाष्टका म्हणणाऱ्यांच्या हातातला माइक घेतला. सांगितलं की आत्ता दाखवलेली गोष्ट मी रचलेली आहे. आम्ही बसस्टँडवर भेटलो नाही. आमचं लग्न तात्यांनी जमवलं, आबांच्या घरी, पोह्यांवर.  तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण इतक्या लोकांसमोर खरं बोलायला लागल्यावर मला त्याची चटकच लागली, आणि मी हेही सांगून टाकलं की मी तिला फक्त लॅबमध्ये एसी आहे का एवढंच विचारलं होतं, आणि तेही त्या खोलीत मला घाम आला होता म्हणून.

लोक हसले. माझ्या फिल्मला मिळाली नव्हती तेवढी दाद या वाक्याला मिळाली. मी वळून बघितलं. ती स्टेजच्या पायरीशी उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. बांधावर बसून तिनं मला दिलेला चांगला अर्थ मी माइकवरून परत केला होता, आणि आता अंतरपाट धरायची वेळ झाली होती.

अक्षता पडल्या. हार घालताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. तुमचा शर्ट पाठीला चिकटला होता." मग तिनं हार नीट केला. मला पुढचे विधी फारसे आठवत नाहीत. साध्या व्हिडिओत मी सगळीकडे तोंड उघडं ठेवून दिसतो.

तात्यांनी फेटा परत बांधला, पण फिल्म दुरुस्त व्हायला हवी हा आग्रह सोडला नाही. ते स्वतः स्टुडिओत जाऊन बसले. बसस्टँड काढायचं ठरलं. "होडी राहूंद्या," तात्या म्हणाले. "लग्नानंतर फिरायला गेली म्हना." आणि सुरुवातीला भवानीनगरचा खरा प्रसंग घालायचा, खऱ्या माणसांना घेऊन.

म्हणून लग्नानंतर काही आठवड्यांनी आम्ही सगळे पुन्हा आबांच्या घरी जमलो. मी बघायला गेलो होतो तोच शर्ट घातला. तिनं तेव्हाची साडी नेसली आणि मंगळसूत्र आत घेतलं. सासूबाईंनी पुन्हा पोहे केले. यावेळी दिग्दर्शन तात्यांकडे होतं. खऱ्या प्रसंगात ते ऊसतोडीबद्दल बोलले होते. आता ते म्हणाले, "आबा, मी तालुक्यात पुष्कळ पोरी बघितल्या, पन हे घर बघितलं आन् माझा पाय हितनं निघंना." ते त्यांना तीनदा म्हणावं लागलं, कारण प्रत्येक वेळी पाय निघंना म्हणताना हात कुठं ठेवावा हे त्यांना ठरवता येत नव्हतं. माझं एसीचं वाक्य त्यांनी काढून टाकलं. "फालतू हाय," ते म्हणाले. मला फक्त पोहे खाऊन खाली बघायचं होतं. हे काम मी उत्तम केलं असं मालक म्हणाला. ही फिल्म पुढे तयार झाल्यावर तात्यांच्या मोबाइलमध्ये कायमची राहिली. नवीन स्थळाकडे गेले की ते ती दाखवतात, स्वतःचा प्रसंग संपला की बंद करतात. निम्म्या तालुक्यानं माझं लग्न बघितलंय आणि त्यात मी कुठे आहे ते फार थोड्यांना माहीत आहे.

त्याच दुपारी तात्यांचं काम आटोपल्यावर एक शेवटचा तुकडा उरला होता. ती स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन येणार, आबांसमोर ठेवणार, आणि आबा म्हणणार, "ही आमची मुलगी." एवढंच. मालकानं पंखा बंद करायला लावला, आवाज येतो म्हणून. ती आली. पदर डोक्यावर, नजर खाली, हातात कपांचा ट्रे. लग्नाआधी त्या घरात रोजचा चहा तीच आणत असणार. तिनं ट्रे ठेवला.

आबांनी ट्रे जरासा आपल्याकडे ओढला.

मालकानं खुणेनं सांगितलं, बोला. आबांनी तिच्याकडे बघितलं आणि "ही आमची" म्हणाले, आणि पुढचा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता. पुसून झाला तरी ते पुसत राहिले. पाठवणीच्या वेळी आबा रडले नव्हते. त्या दिवशी ते पाहुण्यांना वाट दाखवत, राहिलेली भांडी मोजत उभे होते, असं साध्या व्हिडिओतही दिसतं. आता मुलगी सासरी गेली होती आणि आम्ही त्यांना ती अजून घरातच असल्याचं नाटक करायला सांगत होतो. ही कल्पना तात्यांची असली तरी तिचं मूळ माझ्या गिटारीत होतं.

ती ट्रे सोडून त्यांच्याजवळ गेली. मग तिनं त्यांच्या हातातला चष्मा घेतला, त्यांच्या डोळ्यांवर नीट बसवला आणि म्हणाली, "चहा घ्या, गार होतोय."

तात्या दिग्दर्शन विसरले. ते खिडकीबाहेर बघत बसले.

कॅमेरा चालूच होता. आबांनी चहा संपवला आणि मालकाला म्हणाले, "हे तेवढं काढून टाका." मालक माझ्याकडे बघायला लागला. आजवर त्यानं कुणाच्या लग्नात घेतलेल्या चित्रांपैकी हे सगळ्यात चांगलं असणार, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि मलाही कळत होतं. मी म्हणालो, "काढून टाका." त्यानं तिथंच, आबांच्या समोर, ते पुसलं. स्टोरी फिल्मच्या बाबतीत मी घेतलेला एवढा एकच निर्णय मला कुठेही सांगता येण्यासारखा आहे.

संध्याकाळी आम्ही मोटारसायकलवरून परत निघालो. कारखान्याची वसाहत मागे पडली, कालवा लागला.   कालव्याच्या पुलावर ती म्हणाली, "जरा थांबवा." मी गाडी कडेला घेतली. तिनं घरी फोन लावला. "आबा, पोचलो नाही अजून. वाटेत आहोत. सहज केला." मग ती बराच वेळ ऐकत राहिली. पलीकडून काय बोलणं चाललं होतं ते मला कळत नव्हतं. उसाची एक ट्रॉली आमच्या शेजारून गेली.

तिनं फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "आबा विचारतायत, तात्यांचं शूटिंग बरोबर आलं का."

"सांग, लई भारी आलं," मी म्हणालो.

तिनं तसं सांगितलं. मग फोन पर्समध्ये टाकून ती मागे बसली आणि आम्ही निघालो.